रुईच्या गाठी आणि चाळीस फुटी पेटी : मालभरणीचा हिशेब

दिवाळी सरली की इचोड्याच्या वाटांवर कापसाच्या गाड्या दिसू लागतात. आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर वसले आहे. आसपासची जमीन काळी असून शेती बव्हंशी पावसावर अवलंबून आहे आणि कापूस हे तेथील प्रमुख पीक आहे. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू व लंबाडी या भाषा एकाच वेळी कानी पडतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत याच आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले. सीमा बदलली, परंतु पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे पीक, माती आणि कापसाचा व्यवहार एकसारखाच राहिला.

शेतकऱ्याचा कापूस बाजारात विकला गेला की त्याचा हिशेब संपला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः कापसाचा प्रवास तेथून सुरू होतो. सरकी वेगळी होते, रुई दाबून तिच्या गाठी बांधल्या जातात. बऱ्याच गाठी देशातील सूतगिरण्यांकडे मालमोटारींतून जातात, तर काही कंटेनर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोलादी पेट्यांतून परदेशी रवाना होतात. या पेटीत किती गाठी मावतील आणि त्या कशा रचाव्या, हा प्रश्न वरवर पाहता हमालांचा वाटेल. पण गाठीमागे पडणारे भाडे त्यावरच ठरते. वाहतुकीचा खर्च वाढला तर त्याचा भार व्यापाऱ्यापाशीच थांबत नाही, तो खरेदीच्या भावातून शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचतो. म्हणून हा हिशेब शेतकरी बांधव, सहकारी संस्थांचे कार्यकर्ते आणि शिक्षक या सर्वांनीच समजून घेण्याजोगा आहे.

दाबण्याची जुनी विद्या

कापूस दूरदेशी पाठवताना मुख्य अडचण त्याच्या वजनाची नव्हे, तर त्याच्या फुगीरपणाची असते. मोकळी रुई जागा फार व्यापते. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून मुंबईकडे जाई, तेव्हाही हीच अडचण होती. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा लोहमार्ग खुला झाला. रेल्वे आणि वाफेवर चालणारे दाबयंत्र यांची जोड मिळाल्यावर कापसाचा व्यापार पालटला. गाठ जितकी घट्ट, तितक्या अधिक गाठी रेल्वेच्या डब्यात आणि जहाजाच्या पोटात मावू लागल्या. त्या काळी गाठीचा हिशेब ३९२ रतलांचा असे. आज भारतात गाठ १७० किलोची धरली जाते.

जहाजावर माल चढविण्याची रीत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुनीच राहिली. प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते स्वतंत्रपणे उचलावे लागे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅकलीन यांच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या नेल्या आणि नवे युग सुरू झाले. माल पेटीत भरावयाचा आणि पुढे मोटार, आगगाडी व जहाज यांनी ती पेटीच उचलून न्यावयाची, ही त्यामागील कल्पना होती. पुढे पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरविण्यात आली. भारतात कंटेनर घेऊन आलेले पहिले जहाज १९७३ मध्ये कोचीन बंदरास लागले. १९८१ मध्ये बंगलोर येथे बंदरापासून दूर, देशाच्या अंतर्भागात कंटेनर आगार सुरू झाले आणि १९८९ मध्ये न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. पेटी आता समुद्रकाठापुरती राहिली नाही, ती कापूस पिकणाऱ्या मुलखाच्या दारी आली. इचोड्याहून महामार्गाने उत्तरेस निघाल्यास आदिलाबाद, पैनगंगेचा पूल, पांढरकवडा आणि हिंगणघाट ओलांडून नागपूर गाठता येते. नागपुरात कंटेनरचे आगार असून तेथून पेटी आगगाडीने बंदराकडे जाऊ शकते.

पेटी आणि गाठ यांची मापे

पेट्या मुख्यतः वीस फुटी व चाळीस फुटी असतात. कापसासाठी सोयीची ठरते ती चाळीस फुटी उंच पेटी. तिची आतील लांबी सुमारे १२.०३ मीटर, रुंदी २.३५ मीटर आणि उंची २.६९ मीटर असते. साध्या चाळीस फुटी पेटीची लांबी-रुंदी एवढीच असते, मात्र आतील उंची सुमारे २.३९ मीटर भरते. कारखान्यागणिक या मापांत थोडाफार फरक पडतो. म्हणून आलेली पेटी फितीने मोजून घेणे केव्हाही चांगले.

गाठीची मापेही प्रत्येक प्रेसप्रमाणे कमीजास्त असतात. या लेखातील उदाहरणासाठी गाठ १.०६ मीटर लांब, ०.५३ मीटर रुंद, ०.७८ मीटर उंच आणि १७० किलो वजनाची आहे असे धरू. प्रत्यक्षात ज्यांना भरणी करावयाची आहे, त्यांनी आपल्या गाठींपैकी दहा-बारा गाठी मोजून त्यांतील मोठ्यात मोठे माप हिशेबास घ्यावे. प्रेसमधून बाहेर पडलेली रुई पट्ट्यांच्या आत थोडी फुगते आणि गाठ मध्यभागी पोट काढते. सकाळी मोजलेली गाठ आणि चार दिवस गोदामात राहिलेली गाठ ही नेहमीच एका मापाची असत नाही.

अशी एक गाठ बांधण्यास सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो, कारण शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते. म्हणजे दीडशे गाठींच्या एका पेटीत साडेसातशे क्विंटल कापूस सामावलेला असतो. एकरी सहा क्विंटलांचा उतारा धरला, तर ते सव्वाशे एकरांचे पीक झाले. एखाद्या लहानशा गावाचा संपूर्ण हंगाम एका पोलादी पेटीत बंद होऊन निघतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

भागाकार कोठे फसवतो

पेटीत किती गाठी मावतील, असे विचारताच प्रथम सुचतो तो भागाकार. उंच पेटीचे आतील घनफळ सुमारे ७६ घनमीटर आणि एका गाठीचे सुमारे ०.४४ घनमीटर. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की १७३ हे उत्तर येते. कागदावर हे उत्तर बरोबर आहे, पेटीत मात्र ते चुकते. रुई धान्याप्रमाणे ओतली जात नाही. गाठ अखंड असते आणि तिला कोपरे असतात. अर्धी गाठ रचता येत नाही. प्रत्येक दिशेला पूर्ण गाठींचीच ओळ बसते आणि उरलेली फट रिकामी राहते.

म्हणून खरा हिशेब दिशा धरून करावयाचा असतो. गाठ आडवी ठेवावी, तिची १.०६ मीटर लांबी पेटीच्या रुंदीकडे करावी, ०.७८ मीटरची बाजू पेटीच्या लांबीकडे करावी आणि ०.५३ मीटरची बाजू उभी ठेवावी. आता रुंदीत दोन गाठी बसतात, लांबीत पंधरा ओळी होतात आणि उंचीत पाच थर लागतात. दोन गुणिले पंधरा गुणिले पाच म्हणजे १५० गाठी होतात. १७३ आणि १५० यांतील तेवीस गाठींची जागा फटींमध्ये गेली.

दुसरी रचना पाहू. ०.७८ मीटरची बाजू उभी केली, तर तीनच थर बसतात. त्यांची उंची २.३४ मीटर होते आणि वर पस्तीस सेंटिमीटर जागा वाया जाते. लांबीकडे ०.५३ मीटरच्या बावीस ओळी, रुंदीत दोन गाठी आणि तीन थर मिळून १३२ गाठी होतात. पेटी तीच, गाठ तीच, केवळ कूस बदलताच अठरा गाठी कमी झाल्या.

तिसरी रचना मोह पाडणारी आहे. ०.७८ मीटरची बाजू रुंदीकडे केल्यास तीन गाठींना २.३४ मीटर लागतात आणि पेटीची रुंदी २.३५ मीटर आहे. लांबीत १.०६ मीटरच्या अकरा ओळी आणि उंचीत पाच थर धरले की १६५ गाठी बसल्याचे दिसते. परंतु तीन गाठींमागे शिल्लक राहिलेली जागा अवघी एक सेंटिमीटर आहे. पोट काढलेली गाठ एवढ्या जागेत शिरत नाही. बळेच ठोकून घातली तर पट्ट्या तुटतात, वेष्टन फाटते आणि पुढच्या बंदरात ती बाहेर काढताना तिच्या चिंध्या होतात. या रचनेत आणखी एक दोष आहे. तो मापाचा नसून वजनाचा आहे.

वजनाची मर्यादा

प्रत्येक कंटेनरच्या दारावर पेटीचे स्वतःचे वजन आणि मालासह चालणारे कमाल वजन नोंदलेले असते. पुष्कळ पेट्यांसाठी कमाल वजन ३०,४८० किलो असते. काही पेट्यांवर ते याहून अधिक असते, म्हणून अंदाज न बांधता दारावरील आकडा वाचावा. उंच पेटीचे स्वतःचे वजन ३,९०० किलो धरले, तर मालासाठी २६,५८० किलो उरतात. त्यात १७० किलोच्या १५६ गाठी बसतात. १६५ गाठींचे वजन २८,०५० किलो होते, म्हणजे मर्यादा सुमारे दीड टनाने ओलांडली जाते. १५० गाठींचे वजन २५,५०० किलो भरते आणि ते मर्यादेच्या आत राहते. रस्त्यावरील वाहनांच्या वजनाचे नियम याहून वेगळे असल्याने त्यांचाही विचार करावा लागतो.

वजनाची नोंद हा केवळ कारकुनी सोपस्कार नव्हे. जानेवारी २००७ मध्ये 'एमएससी नेपोली' हे कंटेनरवाहू जहाज इंग्लिश खाडीत वादळात सापडून त्याच्या कवचास तडे गेले. पुढे त्याच्या डेकवरील कोरड्या राहिलेल्या ६६० पेट्या तोलण्यात आल्या, तेव्हा त्यांपैकी १३७ पेट्यांच्या घोषित व प्रत्यक्ष वजनात तीन टनांहून अधिक फरक आढळला. पाच पेट्यांमागे एका पेटीचा कागद खोटे बोलत होता. १ जुलै २०१६ पासून समुद्रमार्गे जाणाऱ्या प्रत्येक भरलेल्या पेटीचे पडताळलेले वजन जहाजावर चढविण्यापूर्वी कळविणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले आहे.

सर्वच मालाला चाळीस फुटी पेटी सोयीची असते असेही नाही. तांदूळ जड धान्य आहे. चाळीस फुटी पेटी तांदळाच्या पोत्यांनी छतापर्यंत भरली, तर माल पन्नास टनांच्या घरात जाईल आणि पेटी नियमात बसणार नाही. म्हणून तांदूळ वीस फुटी पेटीतून पाठवितात. हलक्या मालास जागा आधी अपुरी पडते, जड मालास वजन आधी आडवे येते. कोणती मर्यादा आधी लागते हे पाहून पेटी निवडणे, ही मालभरणीच्या नियोजनातील पहिली पायरी होय.

दाराचा अडसर

दीडशे गाठींचा हिशेब मापात बसला आणि वजनातही बसला. तरीही एक अडचण उरतेच. उंच पेटीची आतील उंची २.६९ मीटर असली तरी तिच्या दाराची उंची सुमारे २.५८ मीटरच असते. पाच थरांची उंची २.६५ मीटर होते. आतल्या ओळी रचताना ही अडचण जाणवत नाही, कारण पाचवी गाठ दारातून खालच्या पातळीवर आत आणून मग वर चढविता येते. शेवटच्या ओळीत मात्र चार थर झाल्यावर दाराच्या वरच्या चौकटीखाली सेहेचाळीस सेंटिमीटर जागा राहते आणि गाठ त्रेपन्न सेंटिमीटरची असते. ती आत जात नाही. शेवटच्या ओळीतील वरच्या दोन गाठी बाहेर राहतात आणि १५० चे १४८ होतात. धान्याच्या कणगीचे तोंड लहान असले की आत जागा असूनही मोठे टोपले शिरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

यावर अनुभवी मुकादम एक तोड सुचवील. पहिल्या चौदा ओळी नेहमीप्रमाणे रचाव्या, त्यांत १४० गाठी बसतात. उरलेल्या १.११ मीटर लांबीत गाठी उभ्या करून ०.५३ मीटरच्या दोन ओळी लावाव्या. प्रत्येक ओळीत तीन थर आणि दोन गाठी, म्हणजे एकूण बारा गाठी झाल्या. त्यांची उंची २.३४ मीटर असल्याने त्या दाराखालून सहज जातात. एकूण १५२ गाठी बसल्या आणि वजनही मर्यादेत राहिले. हिशेब निर्दोष आहे, परंतु सोळा ओळींमागे उरलेली जागा अवघी पाच सेंटिमीटर आहे. प्रत्येक ओळ अर्धा सेंटिमीटर जरी फुगली, तरी दार लागणार नाही. म्हणून अशी रचना कागदावरून थेट पेटीत नेऊ नये. आधी गोदामाच्या फरशीवर पाच गाठी ओळीने मांडून त्यांची एकूण लांबी मोजावी. ती ३.९० मीटरच्या आत राहिली तरच हा प्रयोग करावा, अन्यथा १४८ वर समाधान मानावे. अर्धी पेटी भरल्यावर चूक कळली, तर साऱ्या गाठी पुन्हा उतरवाव्या लागतात आणि हमालांची दिवसाची मेहनत वाया जाते.

सौदा करतानाच पेटी आठवावी

भाडे सामान्यतः पेटीमागे आकारले जाते, गाठीमागे नव्हे. साध्या चाळीस फुटी पेटीत आडव्या रचनेचे चारच थर बसतात, म्हणजे १२० गाठी. दोन्ही पेट्यांचे भाडे सारखेच असेल, तर १४८ गाठींच्या भरणीत प्रत्येक गाठीवरील भाडे सुमारे एकोणीस टक्क्यांनी कमी पडते. एवढी बचत केवळ योग्य पेटी मागविल्याने आणि योग्य रचनेने होते.

याच कारणास्तव नियोजनाचा आरंभ गोदामात नव्हे, तर सौद्याच्या वेळी व्हावयास हवा. समजा, एखाद्या संस्थेने ६०० गाठी पुरविण्याचा करार केला. चार पेट्यांत १४८ प्रमाणे ५९२ गाठी जातात आणि आठ गाठी शिल्लक राहतात. त्या आठ गाठींसाठी पाचवी पेटी मागवावी लागते. तिचे भाडे भरलेल्या पेटीइतकेच पडते, शिवाय उरलेली पेटी रिकामी प्रवास करते. करार ५९२ किंवा ७४० गाठींचा केला असता, तर हा भुर्दंड पडला नसता. ६०० हा आकडा बोलावयास सोपा आहे. पेटीला मात्र वाटोळ्या आकड्यांचे अप्रूप नाही, तिला आपल्या मापाचाच आकडा हवा असतो.

भाराचा तोल

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला तोलाचा नियम शिकवावा लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते आणि पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसते. कंटेनरलाही हाच नियम लागू आहे. पेटीच्या अर्ध्या लांबीत एकूण भाराच्या साठ टक्क्यांहून अधिक भार असू नये, असा सर्वसाधारण संकेत पाळला जातो. पूर्ण भरलेल्या पेटीत एकसारख्या गाठींमुळे हा तोल आपोआप साधतो. अर्धवट भरलेल्या पेटीत मात्र गाठी एका टोकास पाचपाच थर रचण्याचा मोह टाळावा आणि त्या साऱ्या तळावर सारख्या पसराव्या. एका बाजूस जड असलेली पेटी क्रेनने उचलताना कलते आणि वळणावर मालमोटार उलटण्याचा धोका वाढतो.

रुंदीत दोन गाठींनंतर तेवीस सेंटिमीटर फट राहते. गाठींच्या फुगीरपणामुळे तिच्यातील काही भाग भरून निघतो, तरी पूर्ण भरत नाही. लाकडी टेकू किंवा फुगविण्याच्या पिशव्या यांनी ती पक्की करावी. शेवटच्या ओळीपुढे, दाराच्या आतील बाजूस, आडव्या फळ्या किंवा मजबूत पट्टे लावावे. या कामात केलेली काटकसर अंगाशी येते. समुद्रात जहाज आठवडेच्या आठवडे डोलते आणि मोकळी राहिलेली गाठ हळूहळू सरकत दाराशी येऊन टेकते.

ओल आणि आग

कापूस विकताना शेतकऱ्यास आर्द्रतेचा अनुभव येतोच. आठ टक्क्यांपर्यंत आर्द्रता असलेल्या कापसास पूर्ण आधारभूत भाव मिळतो. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भावात कपात होते. पेटीतही ओल तितकीच घातक ठरते. दिवसा तापलेली पेटी रात्री थंड झाली, की आतील हवेतील बाष्प छताला लागून थेंब होते व गाठींवर टपकते. यास कंटेनरला घाम येणे म्हणतात. म्हणून गाठी कोरड्या असाव्यात, पेटीचा लाकडी तळ ओला नसावा आणि पावसात भरणी करू नये. भरणीपूर्वी एका माणसाने पेटीत उभे राहावे आणि दारे बाहेरून क्षणभर बंद करावी. छतातून किंवा भिंतीतून उजेडाचा ठिपका दिसला, तर तेथून पाणीही येईल असे समजून ती पेटी परत करावी. या परीक्षेस काही खर्च येत नाही.

आगीबाबत तर बोलावे तितके थोडे. घट्ट दाबलेल्या रुईत शिरलेली ठिणगी दिवसेंदिवस धुमसत राहते आणि बाहेरून तिचा मागमूसही लागत नाही. भरणीच्या जागी विडी-काडीस पूर्ण बंदी असावी आणि ज्या गाठीला जळका वास येतो ती पेटीत मुळीच घालू नये.

वर्गात करावयाचा प्रयोग

हा सारा विषय शाळेत सहज शिकविता येतो. पुठ्ठ्यावर दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस आखावा आणि सहा सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद असे चार तुकडे कापावे. चौरसाचे क्षेत्रफळ शंभर आणि एका तुकड्याचे चोवीस, म्हणून भागाकाराने चार तुकडे मावावयास हवेत. विद्यार्थ्यांना ते बसवावयास सांगावे. सर्व तुकडे एकाच दिशेने ठेवणाऱ्याचे दोनच बसतील. उरलेल्या पट्टीत एक उभा तुकडा घालणाऱ्याचे तीन होतील. एक तुकडा आडवा, पुढचा उभा, असे चौरसाच्या चारही कोपऱ्यांत भिरभिऱ्याच्या पात्यांप्रमाणे फिरवीत नेले, तर चारही तुकडे बसतात आणि मधोमध दोन सेंटिमीटरचा छोटा चौकोन रिकामा राहतो.

तुकडे तेच, चौरस तोच, तरीही उत्तरे दोन, तीन आणि चार अशी तीन निघाली. यावरून विद्यार्थ्यास समजते की क्षेत्रफळाचा भागाकार वरची मर्यादा सांगतो, रचना सांगत नाही. निरनिराळ्या मापांच्या शेकडो खोक्यांची सर्वोत्तम रचना शोधणे गणितज्ञांनाही कठीण जाते, कारण खोकी वाढतील तशा शक्य रचना अफाट वाढतात. यासाठी आज संगणकाची मदत घेतात. परंतु संगणकालाही गाठीचे खरे माप, दाराची उंची आणि वजनाची मर्यादा माणसानेच सांगावी लागते. चुकीचे माप दिले तर उत्तरही तितक्याच वेगाने चुकीचे मिळते.

रेखाटनाची भाषा

इचोड्यासारख्या गावी या नियोजनाचा आणखी एक लाभ आहे. तेथे मुकादम मराठीत सूचना देईल, हमालांपैकी कोणी तेलुगूत तर कोणी गोंडीत मोजील आणि मालमोटारीचा चालक हिंदी बोलणारा असेल. तोंडी सूचना अशा वेळी अर्धीच पोहोचते. याउलट एका मोठ्या कागदावर पेटीचा आडवा व उभा छेद काढून त्यात गाठींचे चौकोन आखले, ओळींना क्रमांक दिले आणि शेवटच्या ओळीतील थर वेगळ्या रंगाने दाखविले, तर ते सर्वांना सारखेच समजते. चित्राला भाषांतर लागत नाही. हा कागद गोदामाच्या भिंतीवर लावावा, त्याची एक प्रत मालाच्या कागदपत्रांसोबत पाठवावी आणि प्रत्येक ओळ पूर्ण होताच त्यावर खूण करावी. शेवटी गाठींची मोजणी वेगळी करण्याची गरजच उरत नाही.

ज्याने पेटी भरली आणि जो ती उघडणार आहे, त्या दोघांची कधी भेट होत नाही. इचोड्याच्या परिसरात भरलेली पेटी कोठल्या तरी परक्या बंदरात एखादा अनोळखी हमाल उघडतो. वरच्या थरातील गाठ १७० किलोची असते आणि ती त्याच्या डोक्याहून उंच असते. भरणी पक्की असेल तर दार उघडल्यावर गाठी आपल्या जागी स्थिर दिसतात, कच्ची असेल तर पहिली गाठ त्याच्या अंगावर येते. त्या माणसाचा जीव, खरेदीदाराचा विश्वास आणि सव्वाशे एकरांचे पीक ही तिन्ही भरणी करणाऱ्याच्या हाती असतात. म्हणून पेटी दारी येण्याच्या आदल्या दिवशीच फीत, कागद व पेन्सिल घेऊन बसावे आणि दुसऱ्या दिवशी पहिली गाठ उचलण्यापूर्वी शेवटच्या गाठीची जागा ठरलेली असावी.